शेंडा खुडणारी राणी

उस्थेनमावशी मला माझ्या पणजीच्या नावाने हाक मारतात. पूर्वी मी दुरुस्त करायचे. "मी मेर्ता. ओल्दा माझी पणजी." त्या मान डोलवायच्या आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ओल्दा म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही माणसं फार लवकर बदलता बाई. नाव पाठ होईस्तोवर दुसरीच कोणीतरी येऊन उभी राहते. काठी तीच, नाक तेच. मग मी आपली नाकाला ओल्दा म्हणते." तेव्हापासून मी दुरुस्त करणं सोडलं. नाक खरोखर तेच आहे.

काठी म्हणजे मापाची काठी. ओर्वेनच्या एल्फांच्या राज्यात माणसांचं घर एकच, आमचं, आणि ते मापाऱ्यांचं. राणीच्या राईतले देवदार मोजायचं काम आमच्याकडे आईकडून मुलीकडे येतं. एल्फांनी ते स्वतःकडे ठेवलं नाही, कारण कुठलाही एल्फ कुठून ना कुठून राणीचा नातलग निघतोच, आणि नातलगाच्या हातात काठी दिली की झाड वाढतं.

राईची रीत साधी आहे. राणीच्या घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाचा देवदार लावतात. थोरल्या मुलीचा देवदार ज्या मापाला आईच्या देवदाराहून उंच भरेल, त्या दिवशी आई उतरते आणि मुलगी गादीवर बसते. मरणाची वाट पाहायची म्हटली तर एल्फांत कोणाचीच पाळी यायची नाही. माप नऊ वर्षांनी एकदा असतं. एल्फांना ते फार घाईचं वाटतं.

राईत लोखंड न्यायचं नाही आणि मापारणीखेरीज कोणी झाडावर चढायचं नाही. मापाच्या सकाळी मी वर चढून शेंड्याला पांढरी फीत बांधते, म्हणजे जमिनीवर सावलीचं टोक ओळखू येतं. मग मोकळ्यावर काठी उभी करून वाट पाहायची. काठीची सावली काठीएवढी झाली, की त्या क्षणी प्रत्येक झाडाची सावली त्या झाडाएवढी असते. सावलीच्या टोकाला खुंटी ठोकायची आणि दोरी लावायची. याला फारसं डोकं लागत नाही, ऊन लागतं.

आईने काठी देताना आणखी एक नियम सांगितला होता. वर पाहिलेलं वरच राहतं. खाली फक्त उंची आणायची.

तो कशासाठी हे मला पहिल्याच मापाला कळलं. नेयोरा राणींचा देवदार खालून सरळसोट दिसतो. वर गेलं की कोपरं दिसायला लागतात. देवदाराचा शेंडा खुडला तर शेजारची एखादी फांदी हळूहळू वर वळते आणि शेंड्याची जागा घेते, पण खोडाला तिथे कोपरासारखा बाक राहतो. तो कधीच जात नाही. राणींच्या खोडाला वरच्या अंगाला बाकच बाक होते, आणि प्रत्येक जुन्या कापाची कड स्वच्छ, तिरकी, धारदार होती. मग मी राजकन्या तिरवाच्या देवदारावर चढले. तिथेही बाक. पण तिथले काप दातेरी, चेंगरलेले, शिंपल्याने करवतल्यासारखे.

मुलीचं झाड कोणीतरी खुडत होतं, म्हणून ते आईच्या वर जात नव्हतं. एवढं समजण्यासारखं होतं. पण आईचंही कोणीतरी खुडत होतं. दोन्ही झाडं दर मापाला थोडी थोडी ठेंगणी होत होती. खाली लोक म्हणायचे, जमीन थकली. कारभारी फेन्नो यांनी जमिनीला बरं वाटावं म्हणून राईत गवई बसवले, ते तेव्हापासून रोज संध्याकाळी गायचे. जमिनीला काही झालेलं नव्हतं.

मी उंची सांगत आले. राणींचं झाड दर खेपेला थोडंसं वर भरायचं. राणी राणीच राहायच्या. त्या क्षणी त्यांचा चेहरा पडायचा आणि तिरवाचा उजळायचा, हे मला दिसायचं. पण चेहरे मोजणं माझं काम नाही.

परवाच्या मापाच्या आदल्या दिवशी मी तिरवाच्या नावेत होते. गादीवर बसेपर्यंत वारस मुलीने एखादं काम शिकावं अशी रीत आहे. बहुतेक जणी भरतकाम शिकतात, कारण ते बसून करता येतं. तिरवा थाल नदीवर नाव चालवायला शिकली आणि मग उतरलीच नाही. थालचा एकेक भोवरा ती नावाने ओळखते. काहींशी तिचं बोलणं बंद आहे.

"या खेपेला काय वाटतं गं, मेर्ता?" तिने विचारलं.

"मला वाटत नाही. मी मोजते."

"तुझी आई निदान गप्पा तरी मारायची."

"आई सांगायची, तुम्हीच मारायचात. ती वल्ह्याचे फटके मोजत बसायची."

ती हसली. तिच्या पायाशी पानात गुंडाळलेला तळलेला मासा होता, पलीकडच्या काठावरच्या बेक्राच्या टपरीवरचा. रोज संध्याकाळी ती आईसाठी एक घेऊन जाते.

"आई तो थंडगार मासा खाते आणि विचारते, गरम असताना कसा लागतो," तिरवा म्हणाली. "आता चव कशी सांगायची? मी म्हटलं, कुरकुरीत. तर म्हणे, कोणासारखा कुरकुरीत? मी म्हटलं, फेन्नोसारखा. तर दुसऱ्या दिवशी दरबारात त्याच्याकडे बघून हसत होती."

राणीने थाल ओलांडायची नसते. पाण्यात पाऊलसुद्धा बुडवायचं नसतं, बोटीत बसणं तर लांबच.

"नाव गेली तर मी काय करायचं?" ती म्हणाली. "सिंहासनाला वल्हं लावू?"

तिच्या कमरेच्या पट्ट्यात नदीतला एक मोठा शिंपला खोचलेला होता. त्याची कड घासून पातळ केलेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी राईत पोचले. दोन्ही देवदार शेजारी शेजारी आहेत, शेंड्यावरून शेंड्याशी बोलता येईल इतके. मी आधी राणींच्या झाडावर चढले. वरच्या तिसऱ्या फांदीवर एक अनवाणी पाय होता. त्याच्या वर झोपायचा झगा होता, आणि त्याच्याही वर डोक्याला फडकं बांधलेल्या नेयोरा राणी, दातांत कात्री धरलेल्या.

त्यांनी कात्री काढली. "लवकर आलीस, मेर्ता."

"आज ऊन लवकर चढेल, राणीसाहेब."

"मी जरा वारा कुठला आहे ते बघत होते."

"बरं."

"काशाची आहे," त्या कात्री दाखवत म्हणाल्या. "भरतकामाची. लोखंडाचा नियम मोडलेला नाही."

"चढायचा मोडलाय."

"हो, तो एक." त्यांनी मला बसायला जागा करून दिली. "वर पाहिलेलं?"

"वरच राहतं."

"तुझी आजी फार भली बाई होती."

"तिनेही पाहिलं होतं तुम्हाला?"

"तिने मला ही फांदी दाखवली. म्हणाली, ती डावीकडची बरी नाही, पडाल."

कापलेला शेंडा त्यांच्या मांडीवर होता. चांगला हातभर. एवढा त्यांनी पूर्वी कधी कापला नव्हता. मी फीत काढली आणि मग, नियमात बसत नसताना, विचारलं, "कशासाठी?"

"उतरायचंय मला," त्या म्हणाल्या. "गादीवरून. झाडावर तसं बरं वाटतं. बेक्राच्या टपरीपाशी उभं राहायचं आणि तोंड भाजेल असा मासा खायचा. तीनशे वर्षं मी थंड मासा खातेय, मेर्ता."

"मग तिरवाला सांगा ना तसं."

"काय सांगू? ऊठ पोरी, बस गादीवर, तुझ्या आईला मासा खायचाय? राणीने गादी नको म्हणायचं नसतं. वारसाला वाटेल, माल खराब आहे. आणि ती काय गुणाची पोर आहे ठाऊक आहे का? दर मापाला माझं झाड वर भरलं की कशी फुलून जाते. आईचा मान राहिला म्हणून. मनातून केवढी हौस असेल, पण चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ."

मी फितीची गाठ मारायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारचं झाड हललं.

तिरवा भराभर वर येत होती. नावेवरची माणसं चढतात तशी, पाय न बघता. वर आल्यावर तिने पट्ट्यातला शिंपला काढला, शेंडा एका हाताने वाकवला आणि आम्ही तिला दिसलो.

कोणीच काही बोललं नाही. एक पक्षी बोलला, आणि त्यालाही ते बरं दिसलं नाही बहुधा, कारण तो उडून गेला.

"आई," तिरवा म्हणाली, "तू झाडावर काय करतेयस?"

"मी राणी आहे. मी आधी विचारणार. तू काय करतेयस?"

"वारा बघतेय."

"वारा मी बघितलाय."

तिरवाची नजर कात्रीवर गेली, मग मांडीवरच्या शेंड्यावर. "तू स्वतःचं झाड खुडतेस?"

"तू स्वतःचं खुडतेस?"

"तरीच," तिरवा म्हणाली. "तरीच मी म्हणतेय, इतकं कापते, इतकं कापते, तरी आई जेमतेमच वर कशी. प्रत्येक वेळी जास्त कापावं लागतं. शंभर वर्षं माझे हात सोलून निघाले, आई."

"आणि मला वाटायचं, माझीच कात्री बोथट झाली." राणींनी डोक्यावरचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. "तुला गादी नको आहे?"

"नको."

"मी इतकी वाईट सांभाळली?"

"तसं नाही गं. तुला तरी हवी आहे का?"

राणींनी माशाचं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात सांगितलं, आणि सांगताना मुलीकडे न बघता नदीकडे बघत होत्या. त्या उंचीवरून थालचा पलीकडचा काठ दिसतो. टपरीचा धूरही दिसतो.

तिरवाच्या हातात शिंपला तसाच होता. तिने कापलं नव्हतं. राणींनी हातभर कापलं होतं. म्हणजे सूर्य चढल्यावर तिरवाचं झाड वर भरणार होतं आणि आज संध्याकाळी तिची नाव दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार होती. हे तिघींनाही कळत होतं.

"काप ना," राणी म्हणाल्या. "मी बघत नाही." आणि त्यांनी खरोखर डोळे मिटले.

तिरवाने शेंड्याला शिंपला लावला. मग म्हणाली, "कापलं की तू पुढची नऊ वर्षं पुन्हा थंड मासा खाणार."

"सवय आहे मला."

"तेच तर." तिने शिंपला खाली टाकून दिला. तो फांद्यांवर आपटत आपटत गेला आणि शेवटी कशावर तरी टण्णकन वाजला.

"कोण आहे गं वर?" खालून आवाज आला. "ओल्दा, तू का? दगड काय मारतेस?"

उस्थेनमावशी. राणींची धाकटी बहीण. सगळं राज्य त्यांना मावशीच म्हणतं. दरबारात भांडण आलं की राणी शांतपणे "हं" म्हणतात आणि शेजारी बसलेल्या मावशी निकाल देतात. कोणाच्या बकऱ्या कोणाच्या कुरणात गेल्या, ओढ्याचं पाणी आधी कोणी घ्यायचं, लग्नात कोण कोणाशेजारी बसलं तर मारामारी होईल, हे सगळं मावशींच्या डोक्यात असतं. आता त्यांच्या हातात बादली होती आणि शिंपला त्या बादलीवर आपटला होता.

"मी आहे, मावशी," मी वरून म्हटलं.

"तू आहेस ते दिसतंय. नेयोरा, तुझे पाय पण दिसतायत."

राणींनी पाय वर घेतले. "उस्थेन, बादलीत काय आहे?"

"पाणी."

"वास येतोय."

"शिळं आहे."

माशांची डोकी आणि आतडी कुजवून केलेल्या पाण्याला दुसरा कोणताच वास येत नाही. मावशी आमच्या झाडांपाशी थांबल्या नाहीत. पलीकडच्या उंचवट्यावर तिसरा एक देवदार आहे, त्यांच्या जन्माला लावलेला. धाकट्या मुलींची झाडं लावतात, मग त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट बघितलं. खोडाला एकही बाक नव्हता. पानं अशी काळीभोर हिरवी, की आमची दोन्ही झाडं त्याच्यापुढे आजारी दिसत होती. आणि शेंडा आमच्या डोळ्यांच्या वर होता. अर्थात ते झाड उंचवट्यावर होतं, आणि उंच दिसणं व उंच असणं यांत फरक असतो.

आम्ही उतरलो. मावशी बुंध्याभोवती हळूहळू बादली ओतत होत्या.

"मावशी, हे कधीपासून?" तिरवाने विचारलं.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"कशाला पण?"

"झाड आहे. झाडाला घालतात." मावशींनी बादली उपडी केली. "आणि ही बया दर मापाला फीत घेऊन इथून जाते. वाटायचं, एकदा तरी थांबून म्हणेल, अगंबाई, हे केवढं झालं. कसलं काय. सरळ पुढे जाते. हिची आई पण तशीच गेली. एवढी मोठी नाकं, पण डोळे पायाशी."

त्यांचं खरं होतं.

राणींनी बहिणीच्या हातातली बादली घेतली आणि खाली ठेवली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, झाडावरचं. एरवी त्या एवढं बोलत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तू बस ना, उस्थेन. नाहीतरी निकाल तूच देतेस."

मावशींचं तोंड बारीक झालं. "म्हणजे हिला नको, तुला नको, म्हणून मी. उरलेला मासा मांजराला."

"तसं नाही—"

"तसंच आहे. दोनशे वर्षांत एकदा विचारलंस? मी नाही बसत जा." त्यांनी बादली उचलली आणि झपाझप निघून गेल्या. वास बराच वेळ तिथेच राहिला.

तिरवा मुळाशी बसली होती. "राहू दे, आई," ती म्हणाली. "मी बसते. नदी काय, खिडकीतून दिसते."

मी माझं काम करायला निघाले. तिरवाच्या झाडावर फीत बांधली. मग उंचवट्यावर गेले. मापात दोनच झाडं धरावीत असं आईने मला सांगितलं नव्हतं, आजीने तिला सांगितलं नव्हतं. आम्ही दोनच धरत आलो एवढंच. तिसऱ्या झाडावर चढायला वेळ लागला, कारण ते खरंच चांगलं वाढलेलं होतं आणि पकडायला एक कोपर नव्हतं.

उन्हं वर आली तसे लोक जमले. एल्फ मापाला ठेवणीतले कपडे घालून येतात आणि खायला सोबत आणतात, कारण ढग आले तर कितीही दिवस थांबायची त्यांची तयारी असते. फेन्नो पुढे उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि मोजलं आणि पुन्हा पाहिलं.

"मापारीणबाई, फिती तीन आहेत."

"हो."

"दोन असतात."

"फेन्नोसाहेब, रीतीचे शब्द काय आहेत?" मी विचारलं.

फेन्नो शब्द म्हणताना डोळे मिटतात. "राईत राणीच्या रक्ताचं जे झाड सर्वांत उंच, त्याची गादी." त्यांनी डोळे उघडले. "अर्थात थोरली."

"थोरली यात कुठे आहे?" तिरवाने विचारलं.

"थोरली धरलेली आहे."

"कोणी धरली?"

फेन्नोंनी विचार केला. "आम्हीच," ते म्हणाले.

मावशी गर्दीच्या मागे उभ्या होत्या. येणार नाही म्हणून गेलेल्या माणसाने यावं तशा, एका झाडाला टेकून, दुसरीकडे बघत. मग त्यांनी मान वर केली. उंचवट्यावरच्या शेंड्यावर पांढरी फीत वाऱ्याने फडफडत होती. त्या हळूहळू पुढे आल्या, लोक बाजूला होत गेले, आणि त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"ओल्दा, ते काय बांधलंस?"

"फीत."

"कशाला?"

"मोजायची झाडं तीन दिसली, मावशी. उशिरा दिसली."

त्या माझ्याच शेजारी उभ्या राहिल्या.

काठीची सावली काठीएवढी झाली. मी तिन्ही खुंट्या ठोकल्या, दोरी लावली, उंचवट्याचा चढ वजा केला. पुन्हा एकदा वजा केला, कारण आकडा मला नको होता. पण उंची खाली आणायची असते, हवी तेवढी आणायची नसते.

"नेयोरा राणींचं सर्वांत कमी," मी म्हटलं. "उस्थेन यांचं त्याच्या वर. तिरवाचं त्याच्याही वर, वीतभर."

लोकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. नवी राणी मिळाली होती. तिरवाने हात जोडले, हसली, आणि हसतानाच एकदा नदीच्या दिशेला बघून घेतलं. मावशींनी खुंट्यांकडे पाहिलं. "वीतभर," त्या हळूच म्हणाल्या. मग सावरून, "बरं झालं. निदान मोजलं."

"मावशी," तिरवाने तिथूनच हाक मारली. सगळे गप्प झाले. "मला नाव चालवायचीय. गादी नकोय. हे मी शंभर वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, तर मी शिंपला घेऊन झाडावर चढत बसले. तू बसशील का? उरलेलं म्हणून नाही. सकाळी आईने विचारलं ते घाईत विचारलं. मी सगळ्यांसमोर विचारतेय."

"माप लागलं," मावशी म्हणाल्या. "माझं कमी भरलं. लबाडीची गादी मला नको."

"लबाडी पानाआड होते." तिरवाने झगा कमरेला खोचला. "ही उघड्यावर होणार." आणि ती स्वतःच्या झाडाकडे चालू लागली.

"झाडावर चढायचं नसतं," फेन्नो म्हणाले. आवाज चिरका निघाला.

"फेन्नो," नेयोरा राणी म्हणाल्या, "मी तीनशे वर्षं चढतेय. बाजूला व्हा." त्यांनी बाहीतून काशाची कात्री काढून मुलीला दिली. "शिंपल्याने नको. झाडाला त्रास होतो."

सगळ्या राज्याने माना वर केल्या. तिरवा शेंड्यापाशी पोचली, तिने खाली वाकून विचारलं, "किती, मेर्ता?"

"मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

"हातभर काप," कुठूनतरी एक म्हातारा एल्फ ओरडला, "मावशी बसणार असेल तर दोन हात काप. माझ्या बकऱ्यांचा निकाल अडलाय."

लोक हसले. शेंडा फितीसकट खाली पडला. फेन्नोंनी तो उचलला, कारण काहीतरी करणं भाग होतं.

"पण माप झालेलं आहे," ते शेंडा छातीशी धरून म्हणाले. "पुढचं नऊ वर्षांनी."

"मापाचा दिवस किती वेळ असतो?" मी विचारलं.

"सूर्य मावळेपर्यंत."

"मग काठीची सावली काठीएवढी आज आणखी एकदा होईल. दुपार कलल्यावर. ती दिवसातून दोनदा होते."

फेन्नो माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी जन्मभर मापं पाहिली होती, पण सकाळचं उरकलं की ते जेवायला जायचे.

मी चढून तिरवाच्या झाडाच्या नव्या टोकाला फीत बांधली, आणि आम्ही थांबलो. एल्फांना थांबायला आवडतं. त्यांनी डबे उघडले, मधातली अक्रोडं वाटली. एक ढग आला, सूर्यासमोर रेंगाळला, आणि मावशींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो गेला. निदान लोक आता तसं सांगतात. मी खुंट्या धरून बसले होते.

दुपार कलल्यावर मी पुन्हा ठोकल्या. सावल्या आता दुसऱ्या बाजूला पडल्या होत्या. उंचवटा वजा केला. या वेळी एकदाच.

"उस्थेन यांचं सर्वांत उंच," मी म्हटलं.

मावशी गादीवर बसल्या. ती गादी राईच्या तोंडाशी दगडाची आहे, आणि बसल्याबरोबर त्या म्हणाल्या, "ही एवढी थंड? नेयोरा, तू कधी बोलली नाहीस." मग फेन्नोंना हाक मारून जमिनीसाठी ठेवलेले गवई घरी पाठवले, बकऱ्यांचा निकाल दिला, आणि ज्याचा निकाल दिला त्याला मावशींचं ऐकून वाईट वाटलं, कारण निकाल त्याच्याच विरुद्ध गेला होता.

संध्याकाळी आम्ही थालच्या काठावर गेलो. मावशी पाण्यापासून दोन हात मागे थांबल्या. आता त्यांना पुढे येता येत नव्हतं. हे त्यांना आणि आम्हाला एकाच वेळी सुचलं असावं, कारण त्या एकदम मोठ्याने बोलायला लागल्या.

"शाल घे. पाण्यावर गार असतं. आणि मधे उभी राहू नकोस, ती मुद्दाम हलवेल नाव. माझ्यासाठी एक मासा आण."

"थंड होईल, उस्थेन," नेयोराबाई म्हणाल्या.

"होऊ दे. तू किती वर्षं खाल्लास."

पलीकडच्या काठावर उतरताना नेयोराबाईंनी पाय आधी पाण्यात बुडवला, मुद्दाम, घोट्यापर्यंत. मग टपरीपाशी गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. रांग त्यांनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांनी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, शेवटी बेक्रानेच त्यांना हाताला धरून पुढे आणलं. पहिल्या घासाला त्यांचं तोंड भाजलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोणासारखा?" तिरवाने विचारलं.

त्यांनी हाताने थांब म्हणून सांगितलं आणि दुसरा घास घेतला.

तिरवा माझ्याकडे वळली. "मेर्ता, मी आता खुडणार नाही. तर माझं झाड मावशीच्या वर कधी जाईल?"

मी मनात हिशोब केला. देवदार वर्षाला किती वाढतो ते ठाऊक होतं, पण बादलीचं धरावं लागत होतं. "त्या बादली काही सोडणार नाहीत. तरी कधीतरी जाईलच. शे-दोनशे वर्षं."

"तेव्हा मला आधीच सांगशील ना?"

"मी नसेन," मी म्हटलं. "नाक असेल. त्याला विचारा."

मग बेक्राकडे जाऊन तिने तव्यावरून थेट एक मासा पानात घेतला, त्यावर दुसरं पान, त्यावर तिसरं, सगळ्यावर आईची शाल गुंडाळली आणि नावेकडे पळाली. मासा गरम असताना थाल ओलांडता येते का, ते तिला बघायचं होतं. आजवर तिला तसं कधी सुचलं नव्हतं. तिला वल्हवताना मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्या संध्याकाळी जे फटके पडले तसे पूर्वी पडले नव्हते. ज्या भोवऱ्यांशी तिचं बोलणं बंद होतं त्यांच्याही अंगावरून ती सरळ गेली.

मावशी तिथेच उभ्या होत्या, दोन हात मागे. तिरवाने पाण्यात उभं राहून हात लांब करून मासा दिला. मावशींनी शाल काढली, पानं काढली, घास घेतला, चावला.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या. "यासाठी उतरली ती?"

मग त्यांनी दुसरा घास घेतला, आणि शाल पुन्हा त्यावर झाकून ठेवली.